जिन्याखालच्या अण्णांना

आदरणीय अण्णा,

सादर नमस्कार.

तुमच्या नातवाला सांगून ठेवलंय, तो तुम्हाला हे पत्र वाचून दाखवेल. नाव आणि पत्ता लिहू नको, असं तुम्ही बजावलं होतं. ''आता एवढं काम हातून होत नाही ताई, लोक येऊन परत गेले तर वाईट वाटतं.'' म्हणून सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका जिन्याखाली बसणारे घड्याळजी अण्णा, एवढंच लिहिते. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

मार्चअखेरची दुपार होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी रुमालात गुंडाळलेलं घड्याळ तुमच्या काचेवर ठेवलं आणि 'हलवलं की दोन मिनिटं चालतं, बघा' म्हणत सवयीनं हलवून दाखवायला गेले. तुम्ही माझा हातच धरलात. ''हलवू नका. आतलं तेल सुकून खळ झालंय, सुताला लावतात तशी. त्या खळीवर चाकं फिरली की पिव्हट, म्हणजे चाकांच्या आसांची टोकं, झिजतात. आता बंद आहे तेवढं बरं आहे, चालवाल तर बिघडेल.'' दोन वर्षं मी दर रविवारी ते घड्याळ कपाटातून काढून हलवत होते, आप्पांची आठवण म्हणून. ते करू नये हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील. गिरणीत फिटर होते, १९८१ साली मस्कतला गेले आणि पाच वर्षांनी परत आले ते हे घड्याळ हातात घालूनच. सेइको, मॉडेल ६३०९-७०४०. पाणबुड्यांचं घड्याळ. १५० मीटर खोल पाण्यात चालेल असं डायलवर लिहिलेलं, चार वाजण्याच्या जागी स्क्रूनं आवळायची चावी, मागच्या झाकणावर उसळलेली लाट. ज्या गावात नळाला पाणी यायची वाट बघण्यात माणसाचं अर्धं आयुष्य जातं, तिथे समुद्रात बुडी मारायचं घड्याळ! पण आप्पांनी त्याला पाण्यापासून कधी लांब ठेवलं नाही. मे महिन्यात मंद्रूपकडच्या आमच्या गावी गेलो की पाठीला डबा बांधून पोरांना विहिरीत पोहायला शिकवायचे. कुणाची कळशी बुडाली की आप्पाच तळाशी जायचे. वर येताना पाण्यातून आधी कळशी दिसायची, मग ते मनगट.

ते म्हणायचे, ''तुझ्या बारशाला यायला सुट्टी मिळाली नाही, म्हणून त्या महिन्याच्या पगारात हे घेतलं.'' मी १९८३ च्या दिवाळीतली. लेकीला बरं वाटावं म्हणून बाप बोलतो तसं काहीतरी, असंच मी समजत होते. तुम्ही झाकणावरचा नंबर भिंगातून वाचलात आणि म्हणालात, ''पहिला आकडा तीन, दुसरा आठ. हे मॉडेल १९७६ ते १९८८ मधलं, म्हणजे तीन म्हणजे त्र्याऐंशी साल. आठ म्हणजे ऑगस्ट. ऑगस्टात कारखान्यातून निघालं, दिवाळीपर्यंत मस्कतच्या दुकानात.'' मग भिंग काढून माझ्याकडे बघितलंत. ''जुळतंय की.'' अण्णा, त्या दोन शब्दांसाठीच मी हे पत्र लिहिलं असतं तरी चाललं असतं.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी फिरले होते. आप्पा असतानाच एका दुकानात पट्टा बदलायला दिलं होतं. तिथल्या पोरानं न विचारता झाकण उघडलं, वेड्यावाकड्या हत्यारानं, त्याचे ओरखडे अजून आहेत. आतलं रबर त्यानं धड बसवलं नाही. पुढच्या पावसाळ्यात काचेखाली वाफ धरली. आप्पा तेव्हा आजारी होते, कुणाचं लक्ष गेलं नाही. ते गेल्यावर मी दुसऱ्या एका मोठ्या दुकानात नेलं. त्यांनी सांगितलं, नवं डायल, नवे काटे, बफ मारून, म्हणजे घासून चकाकी आणून, एकदम शोरूममधून आणल्यासारखं करून देतो. मी होही म्हणणार होते. मला तरी काय कळत होतं?

तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारलात आणि मला त्याचं उत्तर आलं नाही. ''यातलं काय तसंच राहायला पाहिजे?''

मी म्हटलं, सगळं नवं करा. तुम्ही मान हलवलीत. डायलवरचे गोल ठिपके पिवळे पडलेत, ते पिवळेच राहू द्या, म्हणालात. बाजारात पुन्हा रंगवलेल्या डायलची कितीतरी सेइको फिरतात, दुरून झकास दिसतात, पण त्यातलं मूळचं काय आणि बाहेरचं काय हे कुणालाच सांगता येत नाही. केसच्या, म्हणजे बाहेरच्या धातूच्या कवचाच्या, वरच्या बाजूला कारखान्यातल्या बारीक रेघा आहेत आणि कडेला चकचकीत धार आहे. एकदा बफ मारला की रेघा गेल्या, धार गेली, साबणाची वडी झाली. ''तुमच्या वडिलांनी चाळीस वर्षं घासलंय ते मी दहा मिनिटांत कशाला पुसू?'' असं तुम्ही म्हणालात आणि झाकण उघडायला बसलात.

तो अर्धा तास मी विसरणार नाही. दुसऱ्या कुणी मला बाकावर बसायला सांगितलं असतं. तुम्ही स्टूल पुढे ओढलंत, दुसरं भिंग माझ्या डोळ्याला लावलंत. झाकणाच्या आत सुईनं कोरलेल्या दोन बारीक तारखा होत्या, १९९१ आणि २००३. म्हणजे आप्पांनी दोनदा ते उघडून घेतलं होतं आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. ते काम कुणाचं, हे तुम्हालाही ओळखता आलं नाही. पण स्क्रूंची डोकी बघून तुम्ही म्हणालात, ''चांगल्या माणसाच्या हातात होतं. एकही खाच फाटलेली नाही.'' तोंडही न बघितलेल्या कारागिराची अशी कदर करणारं माणूस मी आधी बघितलं नव्हतं.

मग तुम्ही चिमट्याचं टोक नेऊन मला ती पट्टी दाखवलीत. मी आजवर समजत होते की चावी फिरवूनही घड्याळ भरत नाही, म्हणजे चावी गेली. या मशीनला हातानं चावी देताच येत नाही, हे त्या दिवशी कळलं. मनगट हललं की आतला अर्धगोल रोटर झुलतो आणि त्याला जोडलेली दोन पायांची नाजूक पट्टी चाक पुढे सरकवते. रोटर एका अंगाला गेला की एक पाय ढकलतो, दुसऱ्या अंगाला गेला की दुसरा पाय ओढतो. चाक मात्र एकाच दिशेनं फिरतं. सेइकोवाल्यांनी १९५९ साली काढलेली ही युक्ती, नाव मॅजिक लिव्हर. तुम्ही काडीनं रोटर इकडून तिकडे हलवलात, मी त्या पायांकडे बघत राहिले, आणि मला मागावर बसलेल्या बाईचे पाय आठवले. तुम्हाला तसं म्हटलं तर तुम्ही हसलात. तुमची आईही मागावर बसायची, हे तेव्हा कळलं.

बोलता बोलता हेही कळलं की तुमचा हात एचएमटीवर बसला. ''आमचं पोट एचएमटीनं भरलं,'' तुम्ही म्हणालात. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ साली बेंगळुरूला सुरू झालेला तो कारखाना. लग्नात जावयाला, निवृत्तीला मास्तरांना, सगळ्यांना तेच घड्याळ. मग सेलवरची घड्याळं आली, मग मोबाइल आला. पहिलं क्वार्ट्झचं मनगटी घड्याळ याच सेइकोनं १९६९ च्या डिसेंबरात बाजारात आणलं, हेही तुम्हीच सांगितलंत, रागानं नव्हे, घरातल्या थोरल्या मुलानं वेगळी चूल मांडल्याचं सांगावं तसं. तुमच्या ओळीत पूर्वी पाच घड्याळजी होते. आज तुम्ही एकटे.

चावीच्या बाजूनं पाणी आत गेल्यामुळे सेटिंगचा लिव्हर आणि दांडा गंजून एकजीव झाला होता. असे सुटे भाग आता कुठे मिळणार? तुम्ही भिंतीतला खण ओढलात. न्यायला कुणी परत आलंच नाही, अशी घड्याळं त्यात होती, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. त्यातलं एक साधं सेइको ५ काढलंत, आत हेच ६३०९ मशीन. चिठ्ठीवरची तारीख वीस वर्षांपूर्वीची होती. त्यावरचं नाव तुम्ही मोठ्यानं वाचलंत, क्षणभर थांबलात आणि म्हणालात, ''पूर्व भागातला कामगार होता. चालेल त्याला.'' आप्पांच्या घड्याळात आता त्या माणसाचा लिव्हर आहे. वार-तारीख लावताना माझ्या हातून दर वेळी त्यांची आठवण होते, ज्यांना मी कधी बघितलंही नाही.

तीन आठवडे लागतील म्हणालात, सात लागले. मधे दोनदा मी येऊन गेले आणि दोन्ही वेळा तुम्ही घाई केली नाहीत. प्रत्येक चाक धुतलंत, पिव्हट काडीनं पुसलेत, सुईच्या टोकावर मावेल एवढं तेल घातलंत. रबरं नवी टाकलीत. पट्ट्याचे बार बाजारातले बारीक आणले होते, ते तुम्ही परत पाठवलेत. या घड्याळाला अडीच मिलिमीटरचे जाड बार लागतात, बारीक घातले तर घड्याळ एक दिवस हातातून निसटेल म्हणून. त्या दोन काड्यांसाठी आणखी बारा दिवस गेले.

आणि वाराची चकती! तुम्ही विचारलंत, ''वार इंग्रजीत ठेवू की अरबीत?'' ही चकती दोन भाषांची, चौदा खाने. आप्पा कायम अरबीत ठेवायचे. मी बालवाडीत असताना त्यांच्या मांडीवर बसून सोमवार-मंगळवार आधी अरबीत ओळखायला शिकले, लिपी येत नव्हती, नुसत्या आकारावरून. खमीस म्हणजे गुरुवार, जुमा म्हणजे शुक्रवार. परदेशात एका खोलीत आठ माणसांबरोबर राहताना सुट्टीचा तो एकच वार ते शोधत असतील, हे मला पुष्कळ उशिरा उमगलं. मी 'अरबीत' म्हटल्यावर तुम्ही कारण विचारलं नाहीत, मीच सांगत बसले. दोन गिऱ्हाइकं ताटकळली, तरी तुम्ही ऐकून घेतलंत.

घड्याळ हातात देताना तुम्ही जे बोललात त्याचेही आभार मानायचे आहेत. ''ताई, माझ्याकडे प्रेशर तपासायचं मशीन नाही. रबरं नवी आहेत, पण पाण्याची हमी मी देणार नाही. विहिरीत घालून उतरू नका.'' एवढं काम केल्यावर हे सांगणं जिवावर येतं. डायलवर १५० मीटर छापलेलं असताना तर फारच. तुमचा चेहरा उतरला होता. पण मला तेव्हाच वाटलं, ज्यानं हे सांगितलं त्याच्या बाकीच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावं. पैसेही तुम्ही साडेतीन हजारच घेतलेत. मी जास्तीचे ठेवले ते परत माझ्या पर्समध्ये घातलेत. शेंगा चटणीचा डबा तेवढा ठेवून घेतलात.

दिवसाला बारा सेकंद पुढे जातंय, त्याबद्दल तुम्ही माफी मागितलीत. अण्णा, कशाला? आप्पा रोज सकाळी आकाशवाणी पुण्याच्या बातम्यांबरोबर घड्याळ जुळवायचे. मीही तेच करते आता. चावी ओढली तरी या घड्याळाचा सेकंदकाटा थांबत नाही, त्यामुळे थोडं इकडेतिकडे राहतंच.

बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, तुम्ही काढून धुतलात, पण त्याच्या काळ्या पट्टीला हात लावला नाहीत. वीस ते पस्तीसच्या खुणांमधला रंग उडालाय, तिथे खालचं ॲल्युमिनियम दिसतं. हे असंच का झिजलं, तुम्हाला प्रश्न पडला होता आणि मला तेव्हा सांगायचं राहून गेलं. हल्लीच्या पाणबुड्या घड्याळांचा बेझल एकाच बाजूला फिरतो, चुकून धक्का लागला तरी पाण्याखाली घालवलेला वेळ जास्तच दिसावा, कमी दिसू नये म्हणून. आपल्या या जुन्याचा दोन्हीकडे फिरतो. आमच्या घरी तो समुद्रासाठी नव्हताच. नळाला पाणी आलं की आप्पा बेझलवरची टिकली मिनिटकाट्यासमोर आणायचे. वीस मिनिटांत हौद, पस्तिसाव्या मिनिटाला वरची टाकी. मग मोटर बंद. अंगठा रोज तिथेच पडायचा.

आज जुमा आहे. पहाटे साडेचारला पाणी आलं, मी बेझल फिरवला आणि ओट्याशी बसून हे लिहायला घेतलं. हौद कधीच भरला. काटा आता टिकलीपासून तेहतीस मिनिटं पुढे आलाय, मोटर बंद करायला उठते.

तुमची कायमची ऋणी,
आप्पांची लेक
सोलापूर