गोठ्यातील क्षयरोग : बोटांनी नव्हे, कॅलिपरने मोजा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

क्षयरोगमुक्तीच्या मोहिमेबद्दल वर्तमानपत्रांत बरेच छापून येते. थुंकीचे नमुने, एक्स-रे, थुंकीतील क्षयजिवाणूची जनुकीय खूण शोधणारे सीबीनॅट मशिन, सारे काही. गाई-म्हशींच्या क्षयरोगाचा विषय निघालाच तर तो ‘दूध उकळून प्या’ एवढ्यावर संपतो. सल्ला योग्यच आहे. पण गोठ्यात रोग आहे की नाही हे ठरवायचे कसे आणि ठरवताना चूक कुठे होते, हे कोणी सांगत नाही. म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत.

देशभरातील जुन्या तपासण्यांचे आकडे एकत्र करून २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुरांमधील क्षयरोगाचे प्रमाण ७.३ टक्के, म्हणजे सुमारे २ कोटी १८ लाख जनावरे, असा अंदाज मांडला होता. मूळ तपासण्या एकाच पद्धतीच्या नव्हत्या, त्यामुळे हा आकडा दगडावरची रेघ मानू नये. तरी तो निम्मा धरला तरी काळजी करण्यासारखाच आहे.

ऑस्ट्रेलियाने १९७० पासून तपासणी आणि कत्तल या मार्गाने रोग हटवला आणि १९९७ मध्ये देश रोगमुक्त जाहीर केला. महाराष्ट्रात गाईंच्या कत्तलीवर आधीपासून आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, म्हणजे तो मार्ग आपल्याला नाही. यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात, की मारता येत नाही तर तपासून उपयोग काय. आमचे मत नेमके उलट आहे. जिथे बाधित जनावर आयुष्यभर गोशाळेतच राहणार, तिथे चाचणी जास्त काटेकोर हवी. चुकून ‘निगेटिव्ह’ ठरलेली एक गाय पुढची कित्येक वर्षे त्याच गव्हाणीवर, त्याच हौदावर इतरांच्या नाकाशी नाक लावून उभी राहते.

कत्तलीशिवाय रोग आटोक्यात आणण्याचा प्रयत्न नवा नाही. डेन्मार्कमधील पशुवैद्य बर्नहार्ड बांग यांनी १८९२ पासून तो करून दाखवला. ट्यूबरक्युलिन (क्षयजिवाणूपासून काढलेले द्रावण, ज्याने बाधित जनावराला टोचल्या जागी सूज येते) टोचून कळपाचे दोन भाग करायचे, दोन्हींचे गोठे आणि गडी वेगळे ठेवायचे, बाधित गाईंची वासरे जन्मताच बाजूला काढून तापवलेल्या दुधावर वाढवायची आणि निरोगी गटाची तपासणी ठरावीक काळाने पुन्हा करायची. डेअरीतून शेतावर परत जाणारे स्किम दूध ८५ अंशांपर्यंत तापवणे तिथे १८९८ मध्ये कायद्यानेच सक्तीचे झाले. या पद्धतीचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा होता, ती म्हणजे टोचणी आणि मोजणी. आपल्याकडे नेमकी तीच बाजू लंगडी आहे.

चाचणी नीट व्हायची तर ती कशी होते ते पाहू. मानेच्या मध्यभागी दोन जागी केस कापायचे. वरची जागा मानेच्या वरच्या कडेपासून साधारण १० सेंटिमीटर खाली, आणि दुसरी तिच्याखाली साडेबारा सेंटिमीटरवर. वासराच्या मानेवर एवढी जागा नसते, म्हणून तिथे मानेच्या दोन बाजूंना एकेक टोचणी द्यावी. दोन्ही ठिकाणी कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरने जाडी मोजायची आणि मिलिमीटरमध्ये लगेच लिहून ठेवायची. वर एव्हियन म्हणजे पक्षिक्षयाच्या जिवाणूपासून केलेले ट्यूबरक्युलिन, खाली बोव्हाइन म्हणजे गुरांच्या क्षयजिवाणूपासून केलेले, प्रत्येकी ०.१ मिलिलिटर. सुई तिरकी घालून औषध कातडीच्या जाडीतच सोडायचे. बोट फिरवल्यावर मटाराएवढी गाठ हाताला लागली, तरच टोचणी बरोबर झाली. गाठ लागली नाही तर औषध कातडीखाली गेले किंवा बाहेर सांडले. अशा जनावराला सूज येत नाही आणि ते विनासायास ‘निगेटिव्ह’ होते.

बरोबर ७२ तासांनी त्याच व्यक्तीने त्याच कॅलिपरने पुन्हा मोजायचे. बोव्हाइनच्या जागची वाढ एव्हियनच्या जागच्या वाढीपेक्षा ४ मिलिमीटरहून जास्त असेल तर जनावर बाधित, फरक १ ते ४ असेल तर संशयित, १ पेक्षा कमी असेल तर निगेटिव्ह.

प्रत्यक्षात काय होते? एव्हियन ट्यूबरक्युलिन बहुतेक वेळा आणलेलेच नसते, एकच टोचणी दिली जाते. माती, पाणी आणि चाऱ्यात क्षयजिवाणूचे निरुपद्रवी भाऊबंद असतात, शिवाय जोन्स रोगाचा (गुरांच्या आतड्याचा जुनाट रोग) जिवाणूही याच कुळातला. त्यांच्या संसर्गानेही बोव्हाइनच्या जागी सूज येते. दुसऱ्या टोचणीशिवाय ही सूज खऱ्या क्षयाची की भाऊबंदांची, हे सांगता येत नाही. मग निरोगी गाय बाधित ठरते, मालक हादरतो आणि पुढच्या वेळी तपासणीला आलेल्यांना दारातही उभे करत नाही.

दुसरी चूक कॅलिपर न वापरण्याची. ‘हाताला लागत नाही’ या शेऱ्यावर ३ मिलिमीटरची वाढ निसटते. तिसरी चूक दिवसाची आहे. गुरुवारी टोचले तर ७२ तास रविवारी भरतात. मग मोजणी शनिवारीच उरकतात किंवा सोमवारवर ढकलतात, आणि दोन्ही वेळा आकडा चुकतो. शिबिर सोमवारी, मंगळवारी किंवा शुक्रवारी ठेवले तर मोजणी कामाच्याच दिवशी येते. एवढी साधी गोष्ट वेळापत्रकात कुणी पाहत नाही, याचे आम्हाला खरोखर वाईट वाटते. ट्यूबरक्युलिनची कुपी २ ते ८ अंशांत, उजेडापासून दूर ठेवावी लागते आणि गोठू द्यायची नसते. उन्हात दुचाकीच्या डिकीत चार तास फिरलेल्या कुपीकडून खात्रीच्या उत्तराची अपेक्षा धरू नये.

तंत्र अचूक असूनही फसगत होऊ शकते. संसर्ग होऊन तीन ते सहा आठवडे होईपर्यंत सूज येत नाही. व्यायल्यानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत प्रतिसाद मंदावतो. डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड नुकतेच दिले असेल तर तो दबतो. एकदा टोचल्यावर कातडी काही काळ थंड पडते, म्हणजे पुन्हा टोचले तरी नीट सूज येत नाही, म्हणून फेरतपासणी किमान ४२ दिवसांनी आणि शक्यतो ६० दिवसांनी करावी. जनावर विकण्याआधी गुपचूप ट्यूबरक्युलिन टोचून खरेदीदाराच्या तपासणीतून ते पार करण्याची लबाडी यावरच चालते. सर्वांत धोकादायक जनावर मात्र वेगळेच असते. रोग पार बळावलेला, अंग खंगलेले, खोकणारे, आणि तरी सूज शून्य. त्याची प्रतिकारशक्तीच थकलेली असते. अशा जनावराच्या रक्तातील प्रतिपिंडे (अँटिबॉडी) शोधणारी एलायझा चाचणी इथे कामाला येते. त्वचेच्या चाचणीनंतर १० ते ३० दिवसांत रक्त घेतले तर प्रतिपिंडे वाढलेली असतात आणि सापडण्याची शक्यता जास्त असते.

दुसरा चांगला आधार म्हणजे इंटरफेरॉन-गॅमा चाचणी. इंटरफेरॉन-गॅमा म्हणजे क्षयजिवाणू ओळखणाऱ्या रक्तपेशी सोडतात ते प्रथिन. हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या) नळीत रक्त घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यात दोन्ही ट्यूबरक्युलिन वेगवेगळी मिसळून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी प्लाझ्मातील इंटरफेरॉन मोजायचे. मोजणीसाठी पुन्हा गोठ्यावर जावे लागत नाही. पण इथे आपली जुनी सवय आड येते. रक्ताचा नमुना म्हटला की हात बर्फाच्या पेटीकडे जातो. या चाचणीला जिवंत, कामसू पेशी लागतात आणि बर्फात त्या मंदावतात. नमुना साध्या तापमानाला ठेवावा, उन्हात तापू देऊ नये, आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर ३० तासांत काम सुरू करावे. तालुक्याहून प्रयोगशाळेपर्यंतचा प्रवास या मुदतीत बसवणे हेच खरे आव्हान आहे.

मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन हा निदानाचा सर्वांत पक्का मार्ग, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. घशामागच्या, श्वासनलिकेजवळच्या आणि छातीतील लसिका ग्रंथींचे पातळ काप करून पाहावेत. अख्खी गाठ वरून चांगली दिसते, आतला चिजासारखा पिवळट पू कापल्यावरच दिसतो. नमुन्याचे दोन भाग करावेत. एक १० टक्के फॉर्मेलिनमध्ये सूक्ष्मदर्शकासाठी आणि दुसरा काहीही न घालता थंड पेटीत जिवाणू वाढवण्यासाठी. अख्खा नमुना फॉर्मेलिनमध्ये बुडवून पाठवला तर जिवाणू मरतात आणि कल्चरसाठी काही उरत नाही. कल्चरला किमान आठ आठवडे लागतात. शिवाय मायकोबॅक्टेरियम बोव्हिसला, म्हणजे गुरांच्या क्षयाच्या जिवाणूला, ग्लिसरॉल मानवत नाही, पायरुवेट घातलेले माध्यम लागते. माणसाच्या थुंकीसाठी नेहमी वापरले जाणारे ग्लिसरॉलयुक्त माध्यम तेवढेच वापरले, तर हा जिवाणू हातचा जातो.

आता संशोधनाबद्दल, कारण इथे आपली समजच बदलत आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील रुग्णांच्या ९४० कल्चर नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बीसीजी लसीतील वाण सोडता बोव्हिस एकाही नमुन्यात सापडला नाही. सात नमुन्यांत मात्र मायकोबॅक्टेरियम ऑरिजिस सापडला. दक्षिण आशियातील गुरांत हाच जिवाणू आढळत आहे. म्हणजे ‘जनावरांकडून येणारा क्षय म्हणजे बोव्हिस’ हे समीकरण आपल्याकडे अपुरे आहे. केवळ बोव्हिसची खूण शोधणारी पीसीआर ऑरिजिसला ओळखणार नाही. सीबीनॅट तर संपूर्ण कुळासाठी एकच उत्तर देते. बोव्हिस पायराझिनामाइड या क्षयावरील औषधाला जन्मतःच दाद देत नाही, त्यामुळे जिवाणूची जात कळणे हा रुग्णाच्या औषधाचाही प्रश्न आहे.

४ मिलिमीटरची मर्यादाही युरोपातील गाईंवर बेतलेली आहे. इथिओपियात वशिंड असलेल्या झेबू गुरांवर काम झाले तेव्हा २ मिलिमीटरची मर्यादा अधिक योग्य ठरली. आपल्या खिलार, देवणी, गवळाऊ गाईंसाठी, आणि जाड कातडीच्या पंढरपुरी म्हशींसाठी कोणती मर्यादा बरोबर, हे इथल्याच गोठ्यांवर तपासून ठरवावे लागेल. बीसीजी दिलेले जनावर आणि बाधित जनावर वेगळे ओळखणारी ईसॅट-६, सीएफपी-१० वगैरे प्रथिनांवर आधारलेली नवी त्वचाचाचणीही त्याच कामात पारखता येईल. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने आणि पुण्यात औंध येथील रोग अन्वेषण विभागाने मिळून हे हाती घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

गोठ्यातून माणसाकडे येणाऱ्या दुसऱ्या एका रोगाबद्दल, ब्रुसेलोसिसबद्दल (गुरांचा सांसर्गिक गर्भपात), थोडक्यात. त्याचा जिवाणूही बांग यांनीच १८९७ मध्ये शोधला. दुधाची रिंग टेस्ट डेअरीच्या संकलन केंद्रावर सहज होते. १ मिलिलिटर दुधात ३० मायक्रोलिटर रंगीत अँटिजेन (रंगवलेले मृत जिवाणू) घालून ३७ अंशांवर तासभर ठेवायचे. सायीला रंगाचे कडे आले तर संशय. पण चीक, आटत आलेल्या जनावराचे दूध किंवा दगडी झालेल्या कासेचे दूध घेतले तर खोटे कडे येते, आणि तापवलेले किंवा गोठवलेले दूध चालतच नाही. ही गाळणी आहे, निकाल नव्हे. कड्यानंतर प्रत्येक जनावराचे रक्तजल (सीरम) तपासलेच पाहिजे.

शासनाकडे आमच्या मागण्या खर्चिक नाहीत. बोव्हाइनच्या प्रत्येक कुपीसोबत एव्हियनची कुपी आणि एक कॅलिपर द्यावा. दाखल्यावर नुसते ‘निगेटिव्ह’ न लिहिता कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी क्रमांकापुढे चारही मोजमापे आणि दोन्ही वेळा लिहिणे बंधनकारक करावे. बाधित जनावरे वेगळी ठेवणाऱ्या गोशाळांना दुसरा गोठा, दुसरा हौद आणि वासरांच्या दुधासाठी पाश्चरायझर (६३ अंश, ३० मिनिटे) यांचे अनुदान मिळावे. बाधित जनावरांना आयसोनियाझिड हे माणसांच्या क्षयावरचे औषध खाऊ घालण्याचे प्रकार थांबवावेत. त्याने रोग जात नाही, औषध दुधात उतरते आणि प्रतिकारक जिवाणू तयार होण्याची वाट मोकळी होते.

आणि एक विनंती डॉक्टर मंडळींना. मानेच्या गाठींचा किंवा आतड्याचा क्षय झालेला रुग्ण समोर आला तर घरी जनावरे आहेत का, दूध कच्चे पितात का, आणि ताक, लोणी कच्च्या दुधाचे असते का, हे विचारा. उत्तर ‘हो’ असेल तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. गोठ्यात बाधित जनावर सापडले तर आम्हीही दूध काढणाऱ्याला थुंकी तपासायला तुमच्याकडे पाठवू. क्षयाचा जिवाणू माणसाकडून गाईकडेही जातो.

आपले,
पशुवैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक व क्षेत्रीय पशुवैद्यक