मार्चमधील नवे अल्बम : श्रवणबैठकीची सूचना

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या आवडत्या अल्बमची श्रवणबैठक रविवार, दि. ७ एप्रिल रोजी सायंकाळी ५ वाजता नेहमीच्या सभागृहात होईल.

१. प्रत्येकाने एकच अल्बम व त्यातील एकच गाणे निवडून गुरुवारपर्यंत माझ्याकडे कळवावे. जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्त्या कृपया सुचवू नयेत.

२. बियॉन्सेचा ‘काउबॉय कार्टर’ २९ मार्चला आल्याने ग्राह्य आहे. मात्र २७ ट्रॅकचा हा अल्बम सुमारे ७८ मिनिटांचा असल्यामुळे, कितीही आग्रह झाला तरी, तो पूर्ण वाजविता येणार नाही.

माझी स्वतःची निवड अमेरिकन गायिका वॅक्साहॅची हिचा ‘टायगर्स ब्लड’ ही असून, त्यातील ‘राइट बॅक टू इट’ या गाण्यातला बॅन्जो (एक तंतुवाद्य) मोबाइलवर नव्हे, सभागृहातील स्पीकरवरच ऐकावा.

– कार्यवाह