आगीत तेल मासिकांनीही ओतले

अमेरिकेतल्या हिप-हॉप संगीतातील पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांच्या वैराचे खापर केवळ रॅपर्सच्या माथी फोडले जाते, हे पटत नाही. मुळात भांडण न्यूयॉर्कची बॅड बॉय आणि लॉस एंजेलिसची डेथ रो या दोन रेकॉर्ड कंपन्यांचे. ‘व्हाइब’ मासिकाने १९९६ मध्ये मुखपृष्ठावरच ‘ईस्ट व्हर्सेस वेस्ट’ छापून आगीत तेल ओतले. त्याच वर्षी सप्टेंबरात डेथ रोचा रॅपर टुपाक शकूर गोळीबारात गेला, मार्च १९९७ मध्ये बॅड बॉयचा रॅपर नोटोरियस बी.आय.जी. एक पंचवीस वर्षांचा, दुसरा चोवीस! १९९५ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी दक्षिणेतल्या अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीची हुर्यो उडवली. ‘दक्षिणेलाही काही सांगायचंय’, एवढेच त्या जोडीतला आंद्रे बोलला. बाकीचे त्यांनी गाण्यांतून सांगितले. अशा चुरशीवरही आपल्या पुरवणीने सविस्तर लिहावे.

– एक वाचक, ठाणे