ओमच्या रिपोर्टबद्दल

नागपूर
रविवार, रात्री

प्रिय अविनाश,

काल फोनवर तू ओमचा अ‍ॅलर्जीच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट ओळीनं वाचून दाखवलास, काय काय पॉझिटिव्ह आलं ते. दूध, गहू, हरभरा, शेंगदाणा, तीळ, वांगं. मी नुसता हं, हं करत राहिलो. मागून वहिनींचा आवाज आला, "भाऊजींना विचारा, ज्वारी तरी चालेल का?" त्या प्रश्नानं झोप उडाली माझी. पाच वर्षांच्या पोराच्या आईला भाकरीची परवानगी मागावी लागते आहे, आणि तीही एका कागदामुळे. तसले कागद मी वीस वर्षं लॅबमध्ये छापतो आहे.

अवि, एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. आमची गार्गी चार वर्षांची असताना पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी अंगभर पित्त उठलं. पाठीवर, मांड्यांवर लाल गांधी, सकाळी जायच्या, संध्याकाळी परत यायच्या. मी घाबरलो. डॉक्टरांना न विचारता तिला लॅबमध्ये नेलं, माझ्याच हातानं रक्त काढलं आणि चाळीस पदार्थांचं अ‍ॅलर्जी पॅनेल लावलं. मशीन हाताशी होती, ओळखीत पैसेही कमी लागले. अकरा पदार्थ पॉझिटिव्ह आले. त्याच संध्याकाळी घरी येऊन मी दूध, पोळी, बेसन, दाणे, तीळ, सगळं बंद केलं.

आठ महिने! आई म्हणायची, "काहून रे, पोरीले उपाशी मारतं का तू?" मी तिला रिपोर्ट दाखवायचो. रविवारी आम्ही तर्री-पोहे खायचो आणि गार्गीपुढे कोरडे पोहे, कारण तर्रीत चणे. संक्रांतीला गल्लीतली मुलं तिळगूळ घेऊन आली तेव्हा तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले. कुणी सांगितलं नव्हतं तिला. वजन वाढायच्या ऐवजी किलोभर उतरलं. तेव्हा कुठे मी तिला घेऊन धंतोलीतल्या एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी रिपोर्ट उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "दूध प्यायल्यावर काय व्हायचं? किती मिनिटांनी? दरवेळी व्हायचं का?" मला उत्तर देता येईना. काहीच व्हायचं नाही. ती जन्मापासून दूध पीत होती, पोळी खात होती, पाटोडी तर आवडीनं खायची. गांधी उठल्या त्या तापामुळे. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्तामागे बहुतेक वेळा विषाणूचा संसर्गच असतो, हे मला त्या दिवशी कळलं. इतकी वर्षं रक्त तपासणाऱ्या माणसाला.

आता ही तपासणी काय करते ते सांगतो, म्हणजे ओमचे आकडे तुला नीट वाचता येतील. ट्यूबमधलं रक्त गोठलं की ते सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचं पिवळसर सीरम घ्यायचं. पट्टीवर दूध, अंडं, गहू, दाणे यांची प्रथिनं ओळीनं बसवलेली असतात. सीरम त्यावर सोडलं की रक्तातले आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीशी संबंधित जातीचे, प्रतिपिंड आपापल्या ओळखीच्या प्रथिनाला चिकटतात. मग रंग येतो, मशीन त्याचा गडदपणा वाचून आकडा देते. ०.३५ च्या खाली शून्य क्लास, १०० च्या वर सहावा. पट्टीवर घडतं ते एवढंच. अंगात मात्र तेच प्रतिपिंड मास्ट नावाच्या पेशींवर बसलेले असतात, आणि खाल्लेलं त्यांना भिडून पेशीतून हिस्टामिन हे सूज-खाज आणणारं रसायन सुटलं तरच ओठ सुजतो, उलटी होते, दम लागतो. पुष्कळांच्या रक्तात प्रतिपिंड सापडतात आणि खाल्ल्यावर त्यांना काहीही होत नाही. याला डॉक्टर सेन्सिटायझेशन म्हणतात, अ‍ॅलर्जी नाही म्हणत. बंगळुरू आणि म्हैसूरच्या प्रौढ माणसांवर एक मोठा अभ्यास झाला आहे. त्यात रक्ततपासणीत सुमारे २६ टक्के लोक कुठल्या ना कुठल्या अन्नाला पॉझिटिव्ह निघाले. खरी अ‍ॅलर्जी असावी असे होते सुमारे १ टक्का. सगळ्यांत जास्त पॉझिटिव्ह कशाला होते माहीत आहे? तिळाला. हे वाचलं तेव्हा मला गार्गीचे पाठीमागे नेलेले हात आठवले.

गहू पॉझिटिव्ह का येतो त्याचंही एक कारण आहे. गव्हातली काही प्रथिनं गवताच्या परागांतल्या प्रथिनांसारखी असतात. परागांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड पट्टीवरच्या गव्हालाही चिकटतात. ओमला थंडीत शिंका येतात असं तू म्हणाला होतास, शिवाय त्याच्या कोपरांत, गुडघ्यांमागे एक्झिमा आहे, ते खाजरे कोरडे चट्टे. एक्झिमाच्या मुलांत एकूण आयजीई चढलेलं असतं आणि असे पॉझिटिव्ह भराभर येतात. डॉक्टरांना हे सगळं सांग.

आता गार्गीचं खरं काय निघालं ते ऐक. डॉक्टरांनी खोदून विचारल्यावर बायकोला एक दिवाळी आठवली. काजूकतली खाल्ल्यावर दहा मिनिटांत गार्गीचा ओठ सुजला होता आणि ती ओकली होती. आम्ही म्हटलं, गोड जास्त झालं. काजू त्या रिपोर्टमध्ये होता, पण क्लास एकवर. दूध क्लास तीनवर होतं म्हणून मी दुधाच्या मागे लागलो आणि काजूकडे पाहिलंच नाही. आकडा मोठा म्हणजे त्रास मोठा, हे मी धरून चाललो होतो. तसं नसतं. आकडा जितका वर तितकी खऱ्या अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते, पण रिअ‍ॅक्शन किती जोराची येईल हे त्यावरून कळत नाही.

मग दवाखान्यात बसवून एकेक पदार्थ कणाकणानं वाढवत खाऊ घातला, समोर डॉक्टर आणि औषध तयार ठेवून. ओरल फूड चॅलेंज म्हणतात त्याला, आणि शेवटचा निकाल त्याच्यावरच लागतो. दूध पास, गहू पास, चणे पास. काजू आणि त्याच्याच कुळातला पिस्ता आजही बंद आहेत. बाकी ती सगळं खाते.

म्हणून तुला एक कळकळीची विनंती. वहिनींनी दूध आणि पोळी बंद करून तीन आठवडे झाले. तू आज रात्री लगेच ग्लासभर दूध देऊन बघू नकोस. एक्झिमाच्या मुलांत रोजचं अन्न काही काळ तोडलं की अंगाची सवय मोडू शकते, आणि पुन्हा दिल्यावर कधी कधी जोराची रिअ‍ॅक्शन येते. आधी डॉक्टरांना विचार. पण लवकर विचार, महिने घालवू नकोस. माझ्यासारखे आठ तर मुळीच नको.

वहिनींना कुणीतरी दोनशे पदार्थांची ती दुसरी तपासणी सुचवली आहे ना, आयजीजीची? त्यावर एक रुपया घालवू नका. आयजीजी हे दुसऱ्या जातीचं प्रतिपिंड, आपण जे खातो त्याविरुद्ध ते सगळ्यांच्याच अंगात बनतं. युरोपातल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संस्थेनं २००८ मध्येच लिहून ठेवलं आहे की अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी ही तपासणी करू नये. लोक माझ्याकडे ती करून घ्यायला येतात, हजारो रुपये मोजतात आणि घरी जाऊन पोळी सोडतात. मला ते बघवत नाही आता. मालकांशी माझं यावरून वाजलंही आहे.

आणि छोटीचं. सात महिन्यांच्या पोरीला दाणे द्यायचे नाहीत असं ठरवलंय तुम्ही, भावाला पॉझिटिव्ह आले म्हणून. २०१५ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी ६४० बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. धोका जास्त असलेली बाळं होती सगळी. ज्यांना वर्षाच्या आतच शेंगदाणा सुरू करून नियमित खाऊ घातला, त्यांच्यात पाचव्या वर्षी दाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी निघाली. छोटीच्या अंगावर फार पुरळ नसेल तर डॉक्टरांना विचारून दाण्याचं बारीक कूट पेजेत पातळ कालवून देता येईल. अख्खा दाणा मात्र नको, घशात अडकतो.

एक गोष्ट रिपोर्टशिवायही लक्षात ठेव. काही खाल्ल्यावर ओमला दम लागला, आवाज बसला, तो सुस्त पडला, तर सेट्रिझिन, ते अ‍ॅलर्जीचं नेहमीचं औषध, देऊन वाट बघत बसू नका. तिथं अ‍ॅड्रिनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, मांडीच्या स्नायूत, किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम. आमच्या डॉक्टरांनी गार्गीच्या वजनाप्रमाणे कागदावर लिहून दिलंय, एक प्रत शाळेत आहे, एक आईच्या फ्रीजवर. ओमला याची गरज आहे की नाही ते त्यांना विचारून घे.

शनिवारी या. यवतमाळहून सकाळची पहिली एसटी धरलीस तर दहापर्यंत गणेशपेठला पोचशील, मी स्टँडवर असेन. आमच्या त्या डॉक्टरांची अकराची वेळ घेऊन ठेवतो. येताना रिपोर्ट आण, पण त्याआधी वहिनी आणि तू बसून एक वही करा. ओमनं कधी काय खाल्लं, किती मिनिटांनी काय झालं, तेच पुन्हा खाल्लं तेव्हा झालं का, ताप-सर्दी होती का. पुरळाचे फोटो असतील तर तारखेसकट आण. आजोबांनाही विचार, पोरांना गुपचूप काय काय भरवतात ते त्यांनाच माहीत असतं. आम्हाला तर काजूकतलीचं आठवायला वर्ष लागलं.

आणि वहिनींना सांग, ज्वारी त्या यादीतच नाहीये. आज रात्री त्याला गरम भाकरी करून घाल.

तुझा,
मिलिंद