सतरावा नंबर, पण हातात कप

महोदय,

रविवारच्या क्रीडा पानावरचा टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबवरचा लेख वाचला, प्रीमियर लीगमध्ये 17वा नंबर म्हणजे अख्खा सीझन फुकट हा त्यातला सूर काही पटला नाही. अहो, 2008 च्या लीग कपनंतर 17 वर्षं हात रिकामे, मग याच सीझनला, मे 2025 मध्ये, स्पेनमधल्या बिलबाओला मँचेस्टर युनायटेडला 1-0 हरवून युरोपा लीग ही युरोपातली दुसऱ्या दर्जाची क्लब स्पर्धा जिंकली, ब्रेनन जॉन्सनचा तो गोल दिसायला अगदीच गचाळ, बॉल ल्यूक शॉच्या अंगाला लागून कसाबसा आत घरंगळला, पण फॅनला विचारा की तो गोल हवा का लीगमधला चौथा नंबर! शिवाय चॅम्पियन्स लीगचं, म्हणजे युरोपातल्या सर्वात मोठ्या क्लब स्पर्धेचं, तिकीट त्याच कपमुळे मिळालं. विगन हा इंग्लिश क्लब तर 2013 ला एफए कप ही तिथली नॉकआउट स्पर्धा जिंकून तीनच दिवसांत खालच्या डिव्हिजनला गेला, तरी पुढच्या सीझनला युरोपात खेळलाच ना.

– एक वाचक, ठाणे