कपड्यामागचे हात

महोदय,

रेड कार्पेटवरच्या तारकांचे फोटो आपल्या पुरवणीत आवडीने पाहते. गाऊन कुणी डिझाइन केला, दागिने कुणाचे, सगळं छापून येतं. पण टाके घालणाऱ्यांचा उल्लेख कुठेच नसतो. मी बावीस वर्षं ब्लाउज शिवते, आरीकामही करते, म्हणजे आकडीच्या सुईने भरतकाम. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसलं, की वीतभर वेलबुट्टीला अख्खी दुपार जाते आणि संध्याकाळी मान वळत नाही. त्यामुळे माझी नजर चेहऱ्याआधी पदराच्या काठावर जाते.

न्यूयॉर्कच्या मेट गाला या फॅशन सोहळ्यात २०२४ मध्ये आलिया भटने नेसलेल्या, डिझायनर सब्यसाचीच्या साडीमागे १६३ जणांचे हात होते, आणि हे तिने स्वतःच सांगितलं. फार बरं वाटलं. एवढं सगळ्यांनी का सांगू नये?

आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासोबत ऑस्कर मिळवलं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. खादीचं साधं धोतर आणि पंचा पडद्यावर खरा वाटावा, यालाही मोठी नजर लागते. झगमगाट करणं त्यामानाने सोपं. तरी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं, याचं फार वाईट वाटलं.

फोटोखाली एक ओळ वाढवा. भरतकाम कुठलं, कुठल्या गावात झालं, किती जणांनी केलं, एवढं तरी छापा.

— एक शिवणकाम करणारी वाचक, कोल्हापूर