ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत, त्यांचे आभार

गर्भपातानंतरच्या महिन्यांत ज्यांनी मला सावरले, त्यांपैकी बहुतेकांची नावे मला ठाऊक नाहीत, म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे. निर्णय माझा होता आणि तो विचारपूर्वक घेतलेला होता. तरीही सुटकेची भावना आणि शोक एकाच मनात एकाच वेळी नांदू शकतात, हे समुपदेशक ताईंनी सांगेपर्यंत मी माझ्या रडण्यालाच दोष देत होते. माझा हात धरून उभ्या राहिलेल्या परिचारिकेने मला कारण विचारले नाही. त्या न विचारण्याचे मोल मी आजही जाणते.

पाचव्या महिन्यात गर्भ गेल्यावरही दूध उतरू शकते, याची मला कल्पना नव्हती. त्या रात्री फोनवरच्या अनोळखी डॉक्टरांनी, प्रोजेस्टेरॉन या गर्भारपणातल्या हार्मोनची पातळी एकदम खाली आल्यामुळे असे होते आणि यात माझे काहीही चुकलेले नाही, असे शांतपणे समजावले, तेव्हा कुठे माझा थरकाप थांबला. आधारगटातील एका स्त्रीने, प्रसूतीची अपेक्षित तारीख जवळ येईल तसे दुःख पुन्हा उसळू शकेल, हे आधीच सांगून ठेवले होते. तो दिवस उजाडला तेव्हा मी तिलाच फोन केला, आणि मी थांबेपर्यंत ती ऐकत राहिली.